आईला हवं होतं स्कॉटिश नाव

आईनं बाबांचं नाव कधी घेतलं नाही. ते 'अहो' होते, 'हे' होते, माझ्याशी बोलताना 'तुझे बाबा' होते, आणि ट्रॉयमधल्या आमच्या घरी फोनवर कुणी परक्यानं नवऱ्याचं नाव विचारलंच, तर ती रिसीव्हर माझ्या हातात कोंबून पोळ्यांकडे वळायची. मिशिगनला येऊन ती गाडी चालवायला शिकली, लायब्ररीत अर्धवेळ नोकरी करू लागली, तिथल्या साहेबाला बिनदिक्कत 'बॉब' म्हणू लागली. पण घरच्या माणसाचं नाव काही तिच्या तोंडून निघेना. अगदीच अडलं तर उखाणा. हळदीकुंकवाला जमलेल्या काकू मंडळींनी घेरलं, की ती स्वतः रचलेला खास मिशिगनचा उखाणा काढायची: "मिशिगनच्या थंडीत दारात साचतो बर्फ फार, दत्तात्रयराव उपसतात फावड्यानं, मी उघडते दार." त्यातले बाबा हुबेहूब होते. दार मात्र ती उघडायची नाही, मला उघडायला लावायची. बाबा मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्यांचं डिझाइन करायचे आणि ऑफिसात त्यांना सगळे 'डॅन' म्हणायचे. म्हणजे घरी बायको नाव घेत नव्हती आणि ऑफिसात ते कुणाला घेता येत नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा गोंधळ त्या नावावरून झाला.

तेव्हा मी चौदा वर्षांची होते. माझा भाऊ शेखरदादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, आणि त्याची बायको कर्स्टी ही डेट्रॉइटमध्येच जन्मलेली, पण स्कॉटलंडहून आलेल्या मिस्टर कॅमेरॉन यांची एकुलती एक मुलगी. तिची आई ती कॉलेजात असतानाच गेली होती. दादाचं अपार्टमेंट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि त्याची नोकरी दुसऱ्या पाळीची. म्हणून कर्स्टीच्या गरोदरपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांसाठी दोघं आमच्याकडे राहायला आली. आईला बाळंतपण करायला मिळणार म्हणून ती नुसती फुलून गेली होती. पुण्याहून येणाऱ्या-जाणाऱ्यांकरवी तिनं डिंक, अळीव, वावडिंग, बाळंतशेपा असं काय काय मागवून फ्रीजचे दोन कप्पे अडवले. सबंध घराला तुपात तळलेल्या डिंकाचा वास. मी शाळेत गेले की माझी मैत्रीण लिंडा माझा स्वेटर हुंगायची आणि विचारायची, आज काय? कर्स्टीवहिनी अबोल होती. आईनं पुढं केलेला प्रत्येक लाडू ती "थँक यू, आई" म्हणून खायची, आणि त्यातले निम्मे मला चोरून द्यायची. त्या हिवाळ्यात वजन माझं वाढलं.

दर रविवारी दुपारी मिस्टर कॅमेरॉन यायचे. उंच, वाळका माणूस, टाय बांधल्याशिवाय घराबाहेर न पडणारा. एका कारखान्यात साचे बनवण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि जगातली प्रत्येक गोष्ट ठरलेल्या मापातच असावी असं त्यांचं मत होतं. आईचे पोहे ते काटा-सुरीनं खायचे. असेच एका रविवारी खाता खाता त्यांनी सुरी खाली ठेवली आणि जाहीर केलं, "मुलगी झाली तर तिला आईच्या आईचं नाव. पहिला मुलगा झाला तर वडिलांच्या वडिलांचं. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलंय. तेव्हा मुलगा झाला तर दत्तात्रय." ते नाव त्यांनी पूर्ण घेतलं, तेही स्कॉटिश 'र' खणखणीत घोळवून. घरी गॅरेजमध्ये त्याची प्रॅक्टिस केली होती असं नंतर कळलं. बाबांचा चमचा हवेतच राहिला. इतक्या वर्षांत मिशिगनमधल्या कुठल्याही गोऱ्या माणसानं त्यांना अख्खं दत्तात्रय म्हटलं नव्हतं. ते लाजले. मी बाबांना लाजताना पाहिलं ते तेवढंच. आणि आईच्या हातून लिंबाची फोड कॅमेरॉनसाहेबांच्या चहात पडली.

पाहुणे गेल्यावर आईनं तोंड उघडलं. "धडधाकट माणूस समोर बसलेला असताना त्याचं नाव पोराला ठेवायचं? काही शोभतं का? आणि ठेवलंत, तर मी त्या पोराला हाक कशी मारू? दर वेळी जेवायला बोलावताना उखाणा घेऊ?"

"घे की," बाबा म्हणाले. "तुझा सराव राहील."

"आणि खोड्या केल्या म्हणजे? धपाटा घालताना काय म्हणू, अहो, इकडे या?"

मला हसू आवरेना, म्हणून मी माडीवर पळाले. पण ऐकण्यासारखं पुढंच होतं, त्यामुळे जिन्यावर येऊन बसले. बाबांनी सुचवलं की दुसरं एखादं मराठी नाव ठेवू. आई म्हणाली, "तसं केलं तर तो माणूस म्हणेल, इंडियनच ठेवायचं होतं तर सख्ख्या आजोबांचं का नको? बापलेकांत काही भांडण आहे का? नाही हो, तिथं आपलं काहीच चालायचं नाही. त्यांना थोपवायचं तर त्यांचंच नाव ठेवायला हवं. आपण त्यांना मान दिला तर ते नाही म्हणतील का?" अशा रीतीनं, सातासमुद्रापार येऊन संस्कृती टिकवायला निघालेली माझी आई नातवाला स्कॉटिश नावच हवं म्हणून हटून बसली.

हे मी आज, इतक्या वर्षांनी, मिशिगनपासून लांब हर्नडन गावातल्या घरात बसून लिहिते आहे. इथं पुण्या-नागपूरहून आलेली तरुण जोडपी राहतात. त्यांच्याकडे दिवस गेले की एखादी मुलगी फोनवर अडीचशे नावं उघडून माझ्याकडे येते आणि म्हणते, "मावशी, दोन्हीकडे चालेल असं सुचवा ना यार, शॉर्ट आणि कूल." मी म्हणते, बाई गं, आमच्या घरी एका नावावरून भांडण झालं तेव्हा मराठी माणसं स्कॉटिश नावासाठी भांडत होती आणि स्कॉटिश माणूस मराठी नावासाठी. तिला वाटतं मावशीचं आता वय झालं.

बाळ झालं ते भर बर्फात, आणि मुलगाच झाला. हॉस्पिटलात नाव विचारत होते, तेव्हा दादानं "नंतर कळवतो" म्हणून वेळ मारून नेली. आईनं त्याच दिवशी पुण्याच्या गुरुजींना फोन लावला. लाइन खराब, गुरुजी ओरडतायत, आई ओरडतेय. नक्षत्र पुष्य निघालं आणि अक्षर 'हे'. गुरुजींनी लगोलग हेमंत, हेरंब अशी नावं सुचवलीही. ती आईनं कानाआड केली. फोन ठेवून ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. मिस्टर कॅमेरॉन यांच्या कैलासवासी वडिलांचं नाव तिनं आधीच गोडीगुलाबीनं काढून घेतलं होतं. ते होतं हेमिश. "गेलेल्या पणजोबांचं नाव, अक्षर जुळतंय, नक्षत्र पुष्य," ती बाबांना म्हणाली. "ग्रहांनीच कौल दिलाय. आता तुम्ही मध्ये बोलू नका."

मिस्टर कॅमेरॉन यांनी मात्र ग्रहांना जुमानलं नाही. माझ्या वडिलांची पाळी फार पुढची आहे, ते म्हणाले, रांग मोडून मी त्यांना पुढं घुसवणार नाही. आई म्हणाली, प्लीज, युअर फादर. ते म्हणाले, नो नो, युअर हजबंड. जेवणाच्या पंगतीत एकमेकांच्या ताटात जिलबी लोटावी तसं दोघं नाव लोटत होते. दोघांचेही आवाज गोड, आणि दोघंही तसूभर हलायला तयार नाहीत. आठवडा असाच गेला. बाळाला कुणी 'बेबी' म्हणे, कुणी 'बाळ्या'. अखेर कारखान्यातून थकून आलेला दादा वैतागून सासऱ्यांना म्हणाला, "डॅडी, आमच्याकडे नाव आत्या ठेवते. बापाची बहीण. बारशाला ती बाळाच्या कानात जे सांगेल तेच नाव."

"असा नियम आहे?" मिस्टर कॅमेरॉन यांनी विचारलं.

"आहे," बाबांना आणि आईला कबूल करावं लागलं.

"मग प्रश्न मिटला," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळून त्यांनी मान लववली. त्या दिवसापासून मी खोलीत आले की तो सत्तरीचा माणूस खुर्चीतून उठून उभा राहायचा. मला आधी ओशाळल्यासारखं झालं. नंतर मी उगाचच खोलीत ये-जा करायला लागले.

आता घरातल्या सगळ्यांत लहान, सगळ्यांत आगाऊ मुलीच्या हाती एवढी सत्ता आल्यावर काय होणार ते वेगळं सांगायला नको. पहिले बाबा आले. बेसमेंटमध्ये मी कपडे घडी करत होते, तिथं ते घुटमळत म्हणाले, "वसू, दर रविवारच्या मराठीच्या वर्गाचा कंटाळा येतो ना तुला?" तो वर्ग बाबाच चालवायचे. त्यातून उन्हाळ्यापर्यंत सुटका मिळत होती. मी म्हटलं, "बघते." मग आई आली. लिंडाकडे रात्री राहायला जायची परवानगी मी दोन वर्षं मागत होते आणि दोन वर्षं "आपल्यात असलं नसतं" हे ऐकत होते. आता एकाएकी आपल्यात ते असायला लागलं. मी म्हटलं, "बघते." मिस्टर कॅमेरॉन यांनी लाच अशी दिली नाही, ते तत्त्वात बसलं नसतं. ते फक्त म्हणाले की नियम नीट समजलेल्या मुलीला गाडीच्या स्टिअरिंगमागे बसायला हरकत नसावी, आणि त्यांनी मला चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेऊन त्यांचा पिकअप ट्रक चालवू दिला. बर्फावर आम्ही एकदा गरकन गोल फिरलो. "व्हेरी गुड," ते म्हणाले. त्यांचा टाय तेवढा खांद्यावर गेला होता. रविवारचा वर्ग बुडाला, लिंडाकडे रात्रभर पॉपकॉर्न खाऊन झाला, ट्रक चालवून झाला, आणि मी अजून कुणाला शब्द दिला नव्हता. याबद्दल पश्चात्ताप वगैरे मला तेव्हाही झाला नाही आणि आजही होत नाही.

बारशाच्या आदल्या दुपारी मी चौथी बोली घ्यायला वहिनीच्या खोलीत गेले. आई नुकतीच बाळाला ओव्याची धुरी देऊन गेली होती. त्या धुरानं जिन्यातला स्मोक अलार्म रोजच्याप्रमाणे कोकलून शांत झाला होता. वहिनी मांडीवर बाळ घेऊन बसली होती आणि शेजारी अळिवाची खीर गार होत होती. आम्ही इंग्रजीतच बोलायचो.

"तू काय देणार?" मी विचारलं.

"कशाबद्दल?"

"तुला हवं ते नाव ठेवण्याबद्दल. तिघांनी दिलंय."

मला वाटलं होतं ती हसेल. ती म्हणाली, "हे मला विचारणारी तू पहिलीच." मग बाळाचं टोपडं सारखं करत, कुणा दुसऱ्याचीच गंमत सांगावी तसं तिनं सांगितलं. लग्नात आईंनी ताटात तांदूळ पसरले आणि शेखरनं अंगठीनं त्यात काहीतरी लिहिलं. तिला वाटलं, शुभेच्छा असतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनंही वाजवल्या. जेवताना कुणीतरी "कस्तुरी, कस्तुरी" म्हणून हाक मारायला लागलं, तेव्हा ही कस्तुरी कोण म्हणून तिनं मागं वळून बघितलं. "आईंनी हौसेनं ठेवलं, मला कळतं," ती म्हणाली. "त्या मला त्याच नावानं बोलावतात आणि मी ओ देते. पण याचंही तसंच चाललंय, वसू. डॅडींचा नियम आहे, आईंचं नक्षत्र आहे, मग तुझा मान आहे. मी काय, नुसती त्याची आई." आणि बोलता बोलता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिचं फार वाईट वाटलं. इतके दिवस मी त्या खोलीतून लाडू खाऊन जात होते, आणि ही बाई आत काय गिळून बसली आहे ते आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग तुला कोणतं हवंय?" मी विचारलं.

"फर्गस."

"हे कुणाचं?"

"कुणाचंच नाही. आमच्यात आजवर कुणी फर्गस झाला नाही. मला आवडतं, एवढंच. पोटात असल्यापासून मी त्याला फर्गसच म्हणतेय." आणि तिनं घाबरून दाराकडे पाहिलं, आईनं ऐकलं की काय म्हणून.

बारसं आमच्या बेसमेंटमध्ये झालं. मिस्टर कॅमेरॉन यांनी स्वतःच्या हातानं केलेला ओकचा पाळणा, त्याला काकू मंडळींनी बांधलेली क्रेपची फुलं, परातीत घुगऱ्या, आणि घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या घरघरीत कुणाचं कुणाला ऐकू येत नाही अशी बायकांची बडबड. बाळाला पाळण्याच्या खालून-वरून "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" करत फिरवायला लागल्या, तेव्हा मिस्टर कॅमेरॉन दचकून दादाला म्हणाले, "हे गोविंद कधी ठरलं?" त्यांची समजूत घालेपर्यंत कुणीतरी मला पुढं ढकललं. आई माझ्या डाव्या कानाशी "हेमिश" म्हणाली. बाबांनी लांबून नुसत्या भुवया उंचावल्या. मी पाळण्यात वाकले आणि पाठीत बुक्के बसायला लागले. आत्या नाव सांगत असताना तिच्या पाठीत गुद्दे घालायचे ही आपल्याकडची पद्धत, आणि आमच्या मंडळातल्या काकूंनी माझ्यावरचा बऱ्याच वर्षांचा राग त्यात काढून घेतला. मी बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, आणि ताठ होऊन मोठ्यांदा म्हटलं, "फर्गस."

भट्टीची घरघर तेवढी चालू होती.

"कोण फर्गस?" आईनं विचारलं.

"आमच्या घराण्यात फर्गस नाही," मिस्टर कॅमेरॉन म्हणाले.

"आता आहे," मी म्हटलं.

"हे नाव तुझ्या डोक्यातून आलेलं नाही," आई म्हणाली. "कुणी सांगितलं तुला?"

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून वहिनी उठली. तिनं हातात बाळाचं दुपटं पिळून धरलं होतं. "मी सांगितलं, आई," ती म्हणाली. "तिनं मला विचारलं, म्हणून सांगितलं. मला फर्गस हवंय."

बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. त्यांचं नाव हुकलं होतं, ते त्यांना लागलं होतं, आणि तरीही ते सगळ्यांत आधी बोलले. "फर्गस तर फर्गस. डॅनपेक्षा शंभर पटींनी बरं आहे." मिस्टर कॅमेरॉन यांनी खाकरून टाय सारखा केला. "आत्यानं ठेवलं आहे," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम." मग सगळ्यांचे डोळे आईकडे लागले, कारण आता पाळणा म्हणायचा होता, आणि तो तिनंच सुरू करायचा होता. ती गेले चार दिवस स्वयंपाक करता करता एक नवा पाळणा रचत होती. त्यात हेमिश होता, तो शहाणा होणार होता, आजीचं ऐकणार होता, डॉक्टर होणार होता. तिनं पाळण्याची दोरी हातात धरली, आणि ती तशीच उभी राहिली. वहिनी तिच्याकडे बघत होती. आईचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, ती तशीच दोरी टाकून वर निघून गेली असती तरी आमच्यापैकी कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. दादा दोन पावलं पुढंसुद्धा झाला.

आईनं सूर धरला. पहिल्या कडव्यात हेमिशच्या जागी फर्गस काही बसेना; तिनं एकदा ओढून पाहिलं, एकदा तोडून पाहिलं, तिसऱ्यांदा दाबून बसवला आणि ती ओळ पार केली. काकूंनी मागून सूर मिळवला. दुसऱ्या कडव्याशी, जिथं तो शहाणा होणार होता तिथं, ती मध्येच थांबली. दोरी हातातच होती, पाळणा हलत होता. तिनं वहिनीकडे पाहिलं.

"कर्स्टी, यू टेल," ती म्हणाली. "मुलगा कसा व्हायला पाहिजे तुला? ते मी म्हणते."

दादानं मान वर करून आईकडे पाहिलं. वहिनीनं दुपट्यानं नाक पुसलं. इतक्या बायका, इतके डोळे तिच्यावर, आणि घरात मान खाली घालून वावरणाऱ्या त्या मुलीनं हनुवटी वर केली.

"लाउड," ती म्हणाली. "मला तो मोठ्या आवाजाचा हवाय, आई. खूप मोठ्या."

आईनं डोळे मिटून थोडा वेळ जुळवाजुळव केली, आणि मग फर्गस बाळाचा आवाज सात घरं ऐकू जावा, अशी ओळ तिनं सुरात म्हटली.